टोपी मागणाऱ्या बायका

नोव्हेंबर 1929. आग्नेय नायजेरियातल्या ओलोको गावात न्वान्येरुवा नावाची बाई आपल्या घरी पामच्या फळांचं तेल काढत होती. मार्क एमेरेउवा हा शिक्षक शिरगणतीसाठी दारात आला. शेळ्या किती, मेंढ्या किती, घरात माणसं किती, सगळं मोजून सांग म्हणाला. तिने उलट विचारलं, तुझ्या आईची मोजणी झाली का? शब्दाला शब्द वाढला, झटापट झाली, आणि न्वान्येरुवा थेट गावातल्या बायकांकडे धावली.

एवढ्याशा प्रश्नावर एवढा संताप का, हे कळायला तीन वर्षं मागे जावं लागतं. 1926 मध्ये इंग्रजांनी या भागातल्या पुरुषांची मोजणी केली होती. कराशी याचा काही संबंध नाही, असं तेव्हा सांगितलं होतं. 1928 मध्ये नेमक्या त्याच मोजणीच्या आधारावर पुरुषांकडून कर वसूल झाला. म्हणून 1929 मध्ये बायकांची आणि जनावरांची मोजणी सुरू झाली, तेव्हा पुढचं पाऊल कोणतं हे कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती. त्यातच पामतेलाचे भाव पडले होते आणि तो बाजार बायकांच्या हातात होता.

एमेरेउवाला मोजणीला पाठवलं होतं ओकुगो या प्रमुखाने. पामच्या कोवळ्या पानांचा निरोप गावोगाव फिरला आणि हजारो बायका ओलोकोत जमल्या. त्यांनी ओकुगोच्या घराला वेढा घातला. त्या गात होत्या, नाचत होत्या, त्याची कृत्यं मोठ्याने सांगत होत्या. बायकांवर कर बसणार नाही असं लेखी द्या, ही त्यांची एक मागणी होती. दुसरी मागणी होती ओकुगोच्या टोपीची. प्रमुखपदाची खूण म्हणून सरकारने दिलेली ती टोपी त्याच्याकडून काढून घ्या, असं त्या जिल्हा अधिकाऱ्याला सांगत होत्या. टोपी गेली. ओकुगोवर खटला चालला आणि त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

बातमी पसरली तशी इतर गावांतल्या बायकाही आपापल्या प्रमुखाची टोपी मागू लागल्या. चेहऱ्याला राख फासून, डोक्याला नेच्याची पानं बांधून, हातात पामच्या झावळ्या गुंडाळलेल्या काठ्या घेऊन त्या निघाल्या. सरकारी ‘देशी न्यायालयं’ पाडली गेली, जाळली गेली. आबा शहरात युरोपीय कंपन्यांच्या दुकानांवर चाल झाली. डिसेंबरमध्ये सैनिकांनी गोळीबार केला. ओपोबोला एकाच दिवशी तीसहून अधिक बायका मारल्या गेल्या, एकूण आकडा पन्नासच्या वर गेला. इंग्रजी कागदपत्रांत याला ‘आबाची दंगल’ म्हटलं आहे. इग्बो भाषेतलं नाव आहे ‘ओगु उमुनवान्यी’, बायकांचं युद्ध.

हा प्रसंग सविस्तर सांगितला, कारण आफ्रिकेतल्या वसाहतींबद्दल आपल्याकडे एक समज रुजला आहे. तो असा: फ्रेंचांनी आणि पोर्तुगीजांनी आपली माणसं आणि आपले कायदे लादले, इंग्रजांनी मात्र स्थानिक राजे, स्थानिक रूढी, स्थानिक न्याय टिकवून सत्तेत वाटा दिला. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत ‘प्रत्यक्ष राज्य’ आणि ‘अप्रत्यक्ष राज्य’ असे दोन रकाने पाठ केले जातात, आणि दुसरा रकाना नकळत सौम्य वाटू लागतो. मला हा समज चुकीचा वाटतो, आणि त्याने नुकसान होतं असंही वाटतं. वाटून घेतली ती वसुली आणि लोकांचे शिव्याशाप. सत्ता जिथे होती तिथेच राहिली. प्रमुखाला जाब विचारण्याचा गावाचा जो जुना हक्क होता, तो मात्र या व्यवस्थेने काढून घेतला. ओलोकोच्या बायका टोपी मागत होत्या, तेव्हा त्या हाच हक्क परत मागत होत्या.

अप्रत्यक्ष राज्याच्या कल्पनेशी ज्याचं नाव कायमचं जोडलं गेलं, तो फ्रेडरिक लुगार्ड 1858 साली मद्रासमध्ये जन्मला. तरुणपणी हिंदुस्थानी फौजेत त्याने नोकरी केली आणि पुढे पूर्व आफ्रिकेतून पश्चिम आफ्रिकेत गेला. 1900 मध्ये तो उत्तर नायजेरियाचा उच्चायुक्त झाला. तिथे सोकोतोची खिलाफत होती. उस्मान दान फोदियोने 1804 मध्ये सुरू केलेल्या जिहादमधून उभं राहिलेलं हे राज्य शंभर वर्षांचं होतं. त्याचे अमीर होते, काझी होते, करवसुली होती, लेखी कारभार होता. 1903 च्या फेब्रुवारीत लुगार्डच्या फौजेने कानो घेतलं, मार्चमध्ये सोकोतो घेतलं, आणि सुलतान अत्ताहिरू जुलैमध्ये बुर्मीच्या लढाईत मारला गेला. त्यानंतर लुगार्डने जुन्या गाद्या मोडल्या नाहीत. त्यांच्यावर आपल्याला चालतील अशी माणसं बसवली. कानोच्या अमीराला पदच्युत करून लोकोजाला ठेवलं, दुसऱ्याला गादीवर आणलं. अमीर राहिले, काझी राहिले, शरियतही बहुतांशी राहिली. प्रत्येक प्रांतावर एक गोरा अधिकारी नेमला, आणि त्याच्या पदाचं नाव होतं ‘रेसिडेंट’.

हे नाव आपल्या ओळखीचं आहे. 1818 मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह भोसल्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं आणि शेजारी जेम्स ग्रँट डफला नेमलं. 1819 च्या तहानुसार छत्रपतींना इंग्रजांच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कोणत्याही संस्थानाशी पत्रव्यवहार करता येत नव्हता. प्रतापसिंह कर्तबगार होते. त्यांनी शाळा काढली, रस्ते बांधले, आणि तहातल्या आपल्या हक्कांबद्दल प्रश्नही विचारू लागले. 1839 मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं गेलं. रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये चौदा वर्षं दाद मागत राहिले. प्रतापसिंह 1847 मध्ये काशीतच वारले, आणि पुढच्याच वर्षी सातारा खालसा झाला. ज्या गादीला आपण ‘राखलेली’ समजतो ती प्रत्यक्षात कोणाच्या मर्जीवर उभी असते, हे आपल्या लोकांनी नायजेरियाच्या आधी साठ वर्षं पाहिलं होतं. हिंदुस्थानी संस्थानांत घडवलेली ही रीत लुगार्डच्या पिढीच्या अधिकाऱ्यांना ठाऊक होती.

ही रीत त्यांनी का उचलली, याचं उत्तर मुख्यतः पैशात आहे. लंडनच्या अर्थखात्याचा आग्रह असे की प्रत्येक वसाहतीने आपला खर्च आपणच भागवावा. गोरे अधिकारी महाग होते, आणि उष्ण प्रदेशातल्या आजारांनी मरत होते. 1930 च्या दशकाच्या शेवटी नायजेरियात सुमारे दोन कोटी लोकांवर राज्य करणाऱ्या प्रशासकीय सेवेत चारशेहून कमी गोरे अधिकारी होते. एवढ्या माणसांनी घरोघरी कर गोळा करता येत नाही, भांडणं सोडवता येत नाहीत, रस्त्यासाठी वेठबिगार जमवता येत नाही. या सगळ्यासाठी स्थानिक माणूस लागतो, आणि त्याचा शब्द लोकांनी ऐकावा म्हणून त्याच्याजवळ एखादं जुनं नाव, एखादी जुनी गादी लागते. स्थानिक परंपरांविषयी लुगार्डच्या लिखाणात पुष्कळ आदर दिसतो आणि काही अधिकाऱ्यांच्या बाबतीत तो मनापासूनचा होता, हे मी मान्य करते. पण त्या आदराने व्यवस्था उभी राहिली नव्हती. ती उभी राहिली तुटपुंज्या तिजोरीमुळे, आणि आदराची भाषा मागाहून आली.

उत्तरेतली रचना थोडी जवळून पाहू. अमीराच्या हाताखाली ‘देशी प्रशासन’, त्याची न्यायालयं आणि त्याचा खजिना, ज्याला ‘बैत-अल-माल’ हे जुनंच नाव दिलं. कर अमीराची माणसं गोळा करत. त्यातला काही वाटा, बहुतेक निम्मा, सरकारकडे जाई, उरलेला देशी खजिन्यात राही, आणि त्यातून अमीराला ठरलेला पगार मिळे. वरवर पाहता ही वाटणी रास्त दिसते. पण इंग्रजांच्या आधी अमीराची गादी रोज सांभाळावी लागे. दुसऱ्या घराण्यांचे दावेदार होते, उलेमांची, म्हणजे धर्मपंडितांची, टीका होती, वैतागलेले शेतकरी उठून दुसऱ्या अमीराच्या मुलुखात जात. हे सगळे धाक अपुरे होते, पण होते. इंग्रजांच्या बंदुका पाठीशी आल्यावर त्यांची धार बोथट झाली. आता अमीराने एकाच माणसाला सांभाळलं की पुरे, तो म्हणजे रेसिडेंट.

1906 मध्ये सोकोतोजवळच्या सातिरू गावात हे स्पष्ट दिसलं. तिथे महदीपंथी, म्हणजे ‘महदी’ हा तारणहार येणार असं मानणाऱ्या, शेतकऱ्यांनी आणि पळून आलेल्या गुलामांनी उठाव केला. त्यांचा राग जेवढा गोऱ्यांवर होता तेवढाच सोकोतोच्या दरबारावर. फेब्रुवारीत त्यांनी इंग्रजांच्या घोडदळाच्या तुकडीचा पराभव केला, तिचे गोरे अधिकारी मारले. मार्चमध्ये इंग्रजांनी सूड घेतला, आणि त्या मोहिमेत सोकोतोच्या सुलतानाचे लोक इंग्रजांच्या बाजूने होते. सुमारे दोन हजार माणसं मारली गेली आणि गाव भुईसपाट झालं. तीनच वर्षांपूर्वी ज्यांनी खिलाफत जिंकली आणि ज्यांची खिलाफत जिंकली गेली, ते दोघे आपल्याच रयतेविरुद्ध एकत्र उभे होते.

‘फोडा आणि झोडा’ हा शब्दप्रयोग आपण वसाहतवादाबद्दल फार सहज वापरतो. सातिरूला तो लागू पडत नाही. तिथे दोन जमातींना एकमेकींवर सोडलेलं नव्हतं. एकाच समाजातल्या वरच्या थराला खालच्या थरापासून सोडवून आपल्याशी बांधलं होतं. आणि हे बंधन किती पक्कं, हे पाहायला लोकांचंच रक्त लागलं.

उत्तरेत निदान अमीर खरे होते. दक्षिणेकडे, नायजर नदीच्या पूर्वेला, इग्बोंच्या मुलुखात राजाच नव्हता. ‘इग्बो एन्वे एझे’, इग्बोंना राजा नसतो, असं ते लोक अभिमानाने म्हणतात. (काही गावांत राजे होते, पण बहुतेक ठिकाणी हेच खरं.) गावाचे निर्णय भावकीतल्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीत होत. समवयस्कांचे गट गावाची कामं करत, मानाच्या पदव्या मिळवलेल्या माणसांच्या शब्दाला वजन असे. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या लेकी माहेरच्या भांडणात बोलू शकत, त्यांना ‘उमुआदा’ म्हणतात. नांदायला आलेल्या बायकांच्या वेगळ्या सभा होत्या आणि बाजाराचे नियम त्या ठरवत. एखाद्या पुरुषाने बायकोला मारलं, बाजाराचा नियम मोडला किंवा बायकांची पिकं जनावरांना चारली, तर बायका रात्री त्याच्या घरी जात. दारात नाचत, त्याच्या उखाळ्यापाखाळ्या काढणारी गाणी म्हणत, मुसळांनी भिंती बडवत, वेळ आली तर छपराचं गवत उपसत. तो चूक कबूल करेपर्यंत त्या हटत नसत. याला ‘पुरुषावर बसणं’ म्हणत. ही रीत सर्वांच्या ओळखीची होती, आणि तिच्यामागे गावाची मान्यता होती.

इंग्रजांना अशा समाजात हुकूम द्यायला कोणी सापडेना. मग त्यांनी माणूस बनवला. 1900 च्या सुमारास ‘सनदी प्रमुख’ नेमायला सुरुवात झाली. सरकारने त्यांना एक लेखी सनद दिली आणि ती मिळाल्यावर तो माणूस देशी न्यायालयाच्या बाकावर बसू लागला. निवड कशी होत असे? कुठे गोऱ्यांशी बोलायला जो पुढे आला त्यालाच सनद मिळाली. कुठे गावाने आपले खरे वडीलधारे लपवून ठेवले, कारण गोरे त्यांना पकडून नेतील अशी भीती होती, आणि एखाद्या क्षुल्लक माणसाला पुढे केलं. तो क्षुल्लक माणूस दुसऱ्या दिवशी न्यायाधीश झाला.

1914 मध्ये लुगार्डने उत्तर आणि दक्षिण नायजेरिया एकत्र केले. उत्तरेची तूट दक्षिणेच्या जकातीतून भरून निघावी हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. त्याने दक्षिणेतल्या देशी न्यायालयांच्या अध्यक्षपदावरून गोऱ्या जिल्हा अधिकाऱ्याला काढलं, म्हणजे न्यायालयं अधिक ‘देशी’ झाली असं त्याला वाटलं. झालं उलटंच. सनदी प्रमुखांना वाचता येत नव्हतं, कायदा इंग्रजीत होता, समन्स इंग्रजीत होती. त्यामुळे न्यायालयाचा कारकून खरा सत्ताधारी झाला. कोणाचा खटला आधी, कोणाचा नंतर, कोणाच्या नावाने समन्स निघणार, हे त्याच्या लेखणीवर ठरू लागलं. लाचेशिवाय कागद हलत नव्हता. सनदी प्रमुखांनी गावच्या जमिनी बळकावल्या, रूढीप्रमाणे देज न देता बायका घरी आणल्या, वेठबिगारीसाठी आपल्या विरोधकांची पोरं उचलली. लेखणीची सत्ता काय असते हे महाराष्ट्रातल्या खेड्यात राहिलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना वेगळं सांगावं लागलं नसतं. पण पाटील-कुलकर्ण्यांची वतनं निदान शतकांची होती, त्यांच्या हक्कांबरोबर त्यांच्या मर्यादाही गावाला पाठ होत्या. सनदी प्रमुखाला कसलीच मर्यादा नव्हती, कारण त्याला कसला इतिहासच नव्हता.

आणि त्याच्या घरासमोर जाऊन नाचायचं, गायचं, भिंती बडवायच्या, तर तो आता गुन्हा होता. सनदी प्रमुखाचा अपमान म्हणजे सरकारचा अपमान. पुरुषावर बसण्याची जुनी रीत इंग्रजांच्या लेखी ‘दंगल’ ठरली. 1929 च्या घटनांनंतर नेमलेल्या चौकशी आयोगासमोरच्या साक्षी आजही उपलब्ध आहेत. त्यांतून दिसतं की बायकांना आपण काही बेकायदा करतोय असं मुळीच वाटत नव्हतं. गावाला छळणाऱ्या पुरुषाला जे करायचं तेच त्या करत होत्या, फक्त तो पुरुष आता सरकारी टोपी घालून बसला होता. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या जातील ही कल्पनाही पुष्कळ जणींना नव्हती.

या ठिकाणी कोणी म्हणेल, हे लुगार्डच्या चांगल्या कल्पनेच्या वाईट अंमलबजावणीचं उदाहरण आहे, जिथे राजे नव्हते तिथे राजे शोधायला नको होते एवढंच. 1930 नंतर इंग्रज सरकारने हेच म्हटलं. समाजशास्त्रज्ञांकडून अहवाल मागवले, सनदी प्रमुख हटवले, भावकीच्या परिषदा नेमल्या. सुधारणा झाली, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या परिषदांना मान्यता देणारा आणि बरखास्त करणारा कोण, तर जिल्हा अधिकारी. टोपीचा आकार बदलला, देणारा हात तोच राहिला.

जिथे राजे खरे होते तिथलंही पाहा. 1900 मध्ये युगांडात इंग्रजांनी बुगांडा या राज्याच्या सरदारांशी करार केला. राजा, कबाका, तेव्हा लहान मुलगा होता. करार करणारा मुख्य माणूस होता कातिकिरो, म्हणजे पंतप्रधान, अपोलो काग्वा. करारात हजारेक सरदारांना आणि मानकऱ्यांना हजारो चौरस मैल जमीन खासगी मालकीने मिळाली. त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या असलेली शेतकरी घरं एका सहीने भाडेकरू झाली. भावकीच्या मुखियांनी, ‘बाताका’ म्हणतात त्यांना, 1920 च्या दशकात आवाज उठवला, तेव्हा कुठे 1928 मध्ये कुळांकडून घ्यायच्या रकमांवर मर्यादा आली. शेजारच्या बुन्योरोवर इंग्रजांनी बुगांडाचे सरदार कारभारी म्हणून बसवले. 1907 मध्ये बुन्योरोच्या लोकांनी ‘न्यांगिरे’, म्हणजे ‘मी नाकारलं’, म्हणून उठाव केला आणि त्या सरदारांना हुसकलं. इंग्रजांनी त्यांना परत आणलं. बुन्योरोचे जे परगणे बुगांडाला दिले होते त्यांचा निकाल 1964 पर्यंत लागला नव्हता. स्वातंत्र्यानंतर जनमत घ्यावं लागलं, आणि कबाका व पंतप्रधान ओबोटे यांच्यातल्या वैरात त्याने तेल ओतलं.

फ्रेंचांबद्दल थोडक्यात. त्यांना राजे फारसे रुचत नव्हते. जुनी राज्यं तोडून त्यांनी ‘कँतों’ नावाचे छोटे विभाग पाडले आणि त्यांवर पगारी प्रमुख नेमले, कधी सैन्यातले निवृत्त शिपाई, कधी दुभाषे. ‘इंदिजेना’ नावाच्या कायद्याखाली फ्रेंच अधिकारी कोणत्याही न्यायालयाशिवाय एतद्देशीयाला पंधरा दिवस तुरुंगात टाकू शकत असे. सलाम केला नाही, रस्त्याच्या कामाला आला नाही, एवढ्यावरही. सेनेगालमधल्या चार शहरांतल्या लोकांना मात्र मताधिकार होता, आणि 1914 मध्ये ब्लेझ द्यान्य हा कृष्णवर्णीय माणूस तिथून निवडून पॅरिसच्या संसदेत गेला. म्हणजे फ्रेंचांच्या राज्यातही सत्तेत वाटा होता, मूठभरांना. इंदिजेना 1946 मध्ये संपला. इंग्रजी आणि फ्रेंच पद्धतींत फरक होताच, पण ज्या शेतकऱ्याच्या दारात कर मागायला माणूस येत होता त्याच्या दृष्टीने तो फार मोठा नव्हता. दोन्हीकडे प्रमुखाची नोकरी वसुलीवर टिकत होती.

बेल्जियनांच्या रुआंडात मात्र या व्यवस्थेची सगळ्यात भयानक बाजू दिसली. तिथे मूळचा राजा होता, त्याचा दरबार होता, आणि हुतू-तुत्सी हे भेद होतेच, पण त्यांच्या सीमा काहीशा सैल होत्या. गुरांचा धनी झालेला हुतू कालांतराने तुत्सी गणला जाई. जुन्या व्यवस्थेत एकाच टेकडीवर जमिनीचा एक, गुरांचा एक आणि सैन्याचा एक असे वेगवेगळे प्रमुख असत. त्यांतला जमिनीचा प्रमुख पुष्कळदा हुतू असे, आणि एकाने छळलं तर दुसऱ्याकडे जाता येई. बेल्जियनांनी 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात ही तीन पदं एकत्र करून एक केलं आणि ते तुत्सींना दिलं. हुतू प्रमुख काढले. ऐकत नाही म्हणून मुसिंगा राजाला 1931 मध्ये हटवून त्याच्या मुलाला बसवलं. आणि 1930 च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी किंवा त्वा (तिथला तिसरा, छोटा समाज) असं छापलं. माणूस मेला तरी ते बदलणार नव्हतं, मुलाच्या पत्रावर बापाचंच लिहिलं जाणार होतं. 1959 मध्ये हुतूंचा उठाव झाला तेव्हा बेल्जियनांनी बाजू बदलली आणि तुत्सी प्रमुख हटवून हुतू नेमले. 1994 मध्ये तुत्सींच्या नरसंहारात रस्त्यांवरच्या नाक्यांवर ओळखपत्रं तपासून माणसं कापली गेली. त्या शंभर दिवसांचं सगळं पाप बेल्जियनांच्या माथी मारणं बरोबर नाही. मारणारे, कट करणारे रुआंडाचेच होते आणि त्यांची जबाबदारी त्यांचीच. पण हाताशी आलेलं ते छापील पत्र कोणी दिलं, हेही विसरता येत नाही.

माझ्या मताविरुद्ध जाणारी एक गोष्ट मला प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. आफ्रिकन राजे सगळेच बाहुले नव्हते. 1895 मध्ये आजच्या बोत्स्वानातले तीन राजे, खामा, सेबेले आणि बाथोएन, थेट इंग्लंडला गेले. आपला मुलुख सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीच्या हाती देऊ नका, राणीच्या संरक्षणाखाली ठेवा, अशी मागणी त्यांनी गावोगावच्या सभांत केली आणि बऱ्याच अंशी मिळवली. त्या भागाचं भवितव्य शेजारच्या ऱ्होडेशियापेक्षा वेगळं झालं ते त्यामुळेच. पश्चिम आफ्रिकेत स्थानिक सत्ता राखल्यामुळे केनियासारख्या जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांना गेल्या नाहीत, असंही म्हटलं जातं आणि त्यात तथ्य आहे. पण बोत्स्वानातल्या राजांकडे ‘क्गोत्ला’ होती, गावाची सभा, जिथे कोणीही पुरुष उठून राजाला विरोध करू शकत असे. ज्या राजाला खाली जाब द्यावा लागतो, तोच वर ठामपणे बोलू शकतो. खामाच्या पाठीशी लोक होते. ओकुगोच्या पाठीशी फक्त एक कागद होता.

स्वातंत्र्यानंतरच्या नेत्यांना हा पेच नीट समजला होता. गिनीत सेकू तुरे यांनी 1957 च्या अखेरीस, स्वातंत्र्याच्याही आधी, कँतोंचे प्रमुख बरखास्त केले. टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीवर, न्येरेरे यांनी 1963 मध्ये प्रमुखपदं रद्द केली. दोघांच्या राजवटीबद्दल पुष्कळ वाईटही लिहिता येईल, तुरे यांच्याबद्दल तर फारच. पण वसाहतीची ग्रामीण हुकूमशाही मोडल्याशिवाय लोकशाही खेड्यात पोहोचत नाही, हे त्यांचं निदान अचूक होतं. इतरांनी ती मोडली नाही. शहरातल्या नागरिकाला मत आणि राज्यघटना, खेड्यातल्या रयतेला प्रमुख आणि ‘रूढी’, ही वसाहतीची दुभंगलेली रचना तशीच चालू राहिली.

दक्षिण आफ्रिकेत हे आजही कोर्टात लढलं जातंय. नाताळ प्रांतात 1840 च्या दशकापासून थिओफिलस शेपस्टोनने एतद्देशीयांसाठी राखीव मुलुख आखले, जिथे प्रमुख नव्हते तिथे नेमले, आणि गव्हर्नरालाच सगळ्या आफ्रिकनांचा ‘सर्वोच्च प्रमुख’ ठरवलं. 1891 च्या नाताळ संहितेने आफ्रिकन स्त्रीला आयुष्यभर अज्ञान, म्हणजे कायद्याने अल्पवयीन, ठरवलं आणि याला ‘झुलू रूढी’ म्हटलं. 1951 मध्ये वर्णभेदी सरकारने प्रमुखांमार्फत कारभार चालवणारा बांटू प्राधिकरण कायदा केला तो याच पायावर. 1994 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या अवघ्या काही दिवस आधी क्वाझुलूची, म्हणजे झुलूंसाठी राखलेल्या मुलुखाची, जवळपास 28 लाख हेक्टर जमीन इंगोन्यामा ट्रस्टच्या नावे करण्यात आली आणि झुलू राजा तिचा एकमेव विश्वस्त झाला. काही वर्षांनी ट्रस्टने तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना सांगायला सुरुवात केली की तुम्ही भाडेपट्टा करा आणि दरवर्षी भाडं भरा. ज्यांचं घर, ज्यांची शेती, ज्यांच्या आजोबांची थडगी तिथे आहेत, ते स्वतःच्याच जमिनीवर भाडेकरू झाले. 1900 मध्ये बुगांडात झालं तेच, आता स्वतंत्र देशात, राजाच्या आणि परंपरेच्या नावाने. ट्रस्टचं म्हणणं होतं की जमीन राजाची आहे, ही आपली रूढी आहे.

त्या रहिवाशांनी विचारलं, ही रूढी कोणी आणि कधी ठरवली? आमच्या रूढीत जमीन त्यावर राबणाऱ्या घराची असते. जून 2021 मध्ये पीटरमॅरिट्झबर्गच्या उच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं, भाडेपट्ट्यांची ती सक्ती बेकायदा ठरवली, आणि लोकांकडून घेतलेले पैसे परत करण्याचा आदेश दिला.